रुपया घसरला म्हणून सोलापूरला पर्यटक येणार नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने पहिल्यांदाच नव्वदी ओलांडली. तेव्हापासून एक युक्तिवाद हॉटेलचालकांच्या गप्पांत, व्यापाऱ्यांच्या बैठकांत आणि वर्तमानपत्रांच्या रकान्यांतही सारखा कानावर येतो. रुपया स्वस्त झाला म्हणजे परदेशी पाहुण्याला भारत स्वस्त झाला. आता तो जास्त संख्येने येईल, जास्त दिवस राहील, आणि त्याचा लाभ पंढरपूर-अक्कलकोट-तुळजापूर या आपल्या पट्ट्यालाही होईल. यातला पहिला भाग अर्धाच खरा आहे आणि शेवटचा तर जवळजवळ उलटा. आमचे काम चलनाच्या आणि प्रवासाच्या हिशेबाचे असल्याने आकडे मांडूनच हे पत्र लिहीत आहोत.

आधी देशाचे पाहू. २०१९ मध्ये भारतात सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले. त्यांच्याकडून देशाला ३,००० कोटी डॉलरच्या आसपास मिळाले. रुपयांत २ लाख ११ हजार कोटी. त्या वर्षी डॉलर सरासरी सत्तरच्या किंचित वर होता. २०२३ मध्ये तो साडेब्याऐंशीच्या घरात गेला. वरच्या युक्तिवादाप्रमाणे गर्दी उसळायला हवी होती. आले ९५ लाख. डॉलर मिळाले सुमारे २,८०० कोटी. रुपयांतला आकडा मात्र २ लाख ३१ हजार कोटींवर पोहोचला! कोविडच्या फटक्यातून तेव्हा सगळे सावरतच होते, हे मान्य. पण रुपयांतला आकडा दाखवून 'उत्पन्न वीस हजार कोटींनी वाढले' असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा देशाच्या तिजोरीत दोनशे कोटी डॉलर कमी आले ही गोष्ट झाकली जाते. खनिज तेलाचे बिल रुपयांत भरता येत नाही.

याच काळात बाहेर जाणाऱ्या भारतीयांचे काय झाले? २०१९ मध्ये २ कोटी ६९ लाख जण परदेशी गेले होते, २०२३ मध्ये २ कोटी ७९ लाख, आणि २०२४ मध्ये ३ कोटींच्या पुढे. रुपया घसरूनही. मध्यमवर्गाचे उत्पन्न वाढले, थायलंड-व्हिएतनामची विमाने वाढली, व्हिसा सोपे झाले. त्यापुढे भावातल्या घसरणीचे काही चालले नाही.

असे का होते ते एका कोटेशनवरून नीट कळेल. समजा, युरोपातल्या सोळा जणांचा गट मुंबई, वेरूळ-अजिंठा, सोलापूर, विजयपूर, हंपी असा दहा दिवसांचा दौरा मागतो आहे. माणशी खर्च १ लाख २० हजार रुपये धरा: हॉटेल ६० हजार, गाडी २५, जेवण १५, देशांतर्गत रेल्वे-विमान १०, गाइड आणि तिकिटे १०. वर १५ टक्के नफा, म्हणजे १ लाख ३८ हजार. डॉलर ८५ ला असताना हे कोटेशन १,६२३ डॉलरचे होते. डॉलर ९० झाला की तेच १,५३३ चे. पाहुण्याचे नव्वद डॉलर वाचले, म्हणजे साडेपाच टक्के. पण तो पाहुणा फक्त आपले कोटेशन पाहत नाही. त्याचे येण्याजाण्याचे विमानभाडे समजा ९५० डॉलर आणि व्हिसा ४० डॉलर. ही रक्कम रुपयाच्या घसरणीने एक पैशानेही कमी होत नाही. एकूण २,६१३ डॉलरच्या सहलीत नव्वद डॉलर म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के. तेवढ्यासाठी कोणी पेरूचा बेत रद्द करून हंपीला येत नाही.

शिवाय हे लगेच घडतच नाही. ऑक्टोबर ते मार्चच्या हंगामाची कोटेशने सहा महिने ते वर्षभर आधी गेलेली असतात. भाव बदलला तरी त्या हंगामातला पाहुणा जुन्याच दराने येतो. नवीन भावाचा परिणाम दिसायचा तो पुढच्या हंगामात, आणि तोवर हॉटेलवाल्याने खोलीचे दर सहा-सात टक्क्यांनी चढवलेले असतात. म्हणून आमच्या धंद्यात नुसता डॉलरचा भाव पाहून चालत नाही. दोन्हीकडची महागाई वजा करून उरणारा खरा दर पाहावा लागतो. रिझर्व्ह बँक ४० चलनांची टोपली घेऊन असा निर्देशांक दर महिन्याला प्रसिद्ध करते. रुपया पाच टक्के घसरला आणि इथले दर परदेशातल्यापेक्षा आठ टक्क्यांनी जास्त वाढले, तर पाहुण्याला भारत महागच झाला.

आणि डॉलर हे काही सगळ्या पाहुण्यांचे चलन नव्हे. अजिंठ्याला बौद्ध लेण्यांसाठी जपानी भाविक पूर्वापार येतात. २०२० मध्ये शंभर येनला सुमारे ७० रुपये मिळत. जुलै २०२४ मध्ये ५२. त्या काळात रुपया डॉलरपुढे घसरतच होता, पण येन त्याहून वेगाने घसरला. अजिंठ्याचे परदेशी नागरिकासाठीचे ६०० रुपयांचे तिकीट जपानी माणसाला साधारण ८६० येनवरून साडेअकराशे येनवर गेले. त्याच्या लेखी भारत महागला. नेपाळची गोष्ट तिसरीच. नेपाळी रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाला १.६० या दराने बांधलेला आहे. आपला रुपया पडला की त्यांचाही तेवढाच पडतो. म्हणजे अमेरिकन पर्यटकाच्या दृष्टीने वाराणसी आणि काठमांडू एकदमच स्वस्त होतात. शेजाऱ्याच्या तुलनेत आपल्याला काहीच फायदा नाही.

घसरलेल्या चलनाने पर्यटन तारले, याचे हमखास दिले जाणारे उदाहरण थायलंडचे. २ जुलै १९९७ ला त्यांनी बाट मोकळा सोडला. डॉलरला २५ बाट होते, जानेवारी १९९८ पर्यंत ५६ च्या घरात गेले. पर्यटक १९९७ मध्ये ७२ लाख, १९९८ मध्ये ७८, १९९९ मध्ये ८६ लाख. खरे आहे. पण बँकॉकमध्ये खोल्या आधीच बांधून रिकाम्या पडल्या होत्या, विमानतळ तयार होता, विमानांत जागा होत्या. आणि चलन निम्म्याहून खाली आल्यावर संख्या वाढली ती पहिल्या वर्षी सात-आठ टक्के. त्याच वर्षी देशाची अर्थव्यवस्था जोरात आक्रसली, कारण कंपन्यांची कर्जे डॉलरमध्ये होती आणि ती एका रात्रीत दुप्पट झाली. पर्यटनाने जखमेवर पट्टी बांधली, एवढेच.

श्रीलंकेचे उदाहरण तर डोळ्यांदेखतचे. २०२२ च्या मार्च ते मे दरम्यान डॉलर २०० श्रीलंकी रुपयांवरून ३६० च्या आसपास गेला. इतका स्वस्त देश आशियात शोधून सापडला नसता. त्या वर्षी पर्यटक आले सव्वासात लाखांच्या आत; २०१८ मध्ये ते २३ लाख होते. पेट्रोलसाठी दोन-दोन दिवस रांगा, वीज गायब, हॉटेलांत गॅस नाही. आयात करायला डॉलर नसल्यावर पाहुण्याला फिरवायचे कशातून? पुढे २०२३ मध्ये १४ लाख ८७ हजार आणि २०२४ मध्ये साडेवीस लाख पर्यटक परतले, तेव्हा श्रीलंकी रुपया उलट सावरत २०२४ च्या अखेरीस ३०० च्या आत आला होता. स्वस्ताईने घालवले नव्हते आणि महागाईने अडवले नाही. स्थैर्य आले तसे लोक आले. तुर्कस्तानात लिरा कोसळल्यावर पर्यटक आले खरे, पण ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथली महागाई ८५ टक्क्यांवर गेली. वेटरचा पगार लिरात आणि त्याच्या घराचे भाडे पर्यटकांच्या भावाने, अशी तिथल्या कामगाराची कोंडी झाली.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. आपल्या पट्ट्याचे पर्यटन म्हणजे प्रामुख्याने भाविक. आषाढी-कार्तिकीचा वारकरी, अक्कलकोटला गुरुवारी येणारा पुण्या-मुंबईचा स्वामीभक्त, नवरात्रात तुळजापूर, जानेवारीत सिद्धेश्वराचा गड्डा. या सगळ्यांचा खर्च रुपयांत. इथल्या व्यावसायिकाची मिळकत शंभर टक्के रुपयांत आहे, पण त्याचा खर्च तसा नाही.

भोजनालयाचा १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्या. देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी साठ टक्क्यांच्या आसपास आयात होतो आणि त्याचा भाव सौदीतल्या टनामागच्या डॉलर-दरावर ठरतो. तो दर ५५० डॉलर धरा. एकोणीस किलोचे झाले १०.४५ डॉलर. डॉलर ८५ वरून ९० ला गेला की सिलिंडरमागे ५२ रुपये वाढले. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ६२. रोज तीन सिलिंडर लागणाऱ्या भोजनालयाला महिन्याला साडेपाच हजारांचा फटका, सौदीतला भाव जराही न वाढता. पामतेलाचे तसेच. टनाला ११०० डॉलर असेल तर १५ किलोच्या डब्यात साडेसोळा डॉलरचे तेल असते. पाच रुपयांच्या घसरणीने डबा ८२ रुपयांनी वाढतो, आयातशुल्क वेगळे. या वाढीतले भाविकाकडून वसूल किती होणार? मठाबाहेरच्या थाळीचा दर दहा रुपयांनी वाढवला तरी बाजूच्या अन्नछत्राची रांग लांबते.

डिझेलबद्दल मात्र सरसकट बोलू नये. मे २०२२ नंतर दीर्घकाळ पंपावरचे दर जवळजवळ जागच्या जागी ठेवले गेले. भावातली घट-वाढ तेल कंपन्यांनी पोटात घेतली. त्यामुळे ट्रॅव्हल्सवाल्याला रुपयाची घसरण लगेच जाणवली नाही. व्यावसायिक गॅस आणि विमानाचे इंधन यांचे दर मात्र दर महिन्याच्या एक तारखेला बदलतात. होटगी रोडच्या विमानतळावरून २०२५ मध्ये गोवा आणि मुंबईची सेवा सुरू झाली, तिचे गणित म्हणूनच नाजूक आहे. विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा ३५ ते ४० टक्के, आणि बहुतेक विमाने भाड्याची. ते भाडेही डॉलरमध्ये. प्रवासी सोलापूरचा, तिकीट रुपयांत, खर्च मात्र निम्म्याहून जास्त डॉलरशी बांधलेला. छोट्या मार्गावर तिकीट महागले की माणूस सरळ वंदे भारतकडे वळतो. सेवा टिकावी असे वाटणाऱ्यांनी रुपयाच्या घसरणीवर पेढे वाटू नयेत.

घसरणीने लाभ होतो असा आपल्याकडचा एक धंदा आहे, तो म्हणजे टॉवेल. परदेशी हॉटेलच्या खोलीतला टेरी टॉवेल अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला असू शकतो; परक्या पर्यटनाशी सोलापूरचा संबंध येतो तो असा. पण तिथेही लाभ दिसतो तेवढा हातात उरत नाही. २० हजार डॉलरचा माल ८५ च्या भावाने १७ लाखांचा, ९० च्या भावाने १८ लाखांचा. पण खरेदीदारही रोज भाव पाहतो. 'तुमचा रुपया पडलाय, तीन टक्के सोडा' असा निरोप आठवड्यात येतो. १९,४०० डॉलरचे झाले १७ लाख ४६ हजार. लाखाच्या जागी ४६ हजार, त्यातून कंटेनरचे डॉलरमधले भाडे आणि आयात रंग-रसायनांची वाढ वजा करा. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावले. त्या अख्ख्या वर्षात रुपया घसरला तो पाच टक्क्यांच्या आसपास. पाच टक्क्यांनी पन्नास टक्क्यांची भरपाई होत नाही.

खरा धोका घसरणीपेक्षा हेलकाव्यांचा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ८८ ला टेकलेला डॉलर मेच्या सुरुवातीला ८४ च्याही खाली उतरला होता, हे आज कोणाच्या लक्षात नाही. वरच्या दौऱ्याचे कोटेशन ८७.५० ने दिले असते तर १,५७७ डॉलर झाले असते. पैसे येईपर्यंत डॉलर ८४ झाला तर हाती पडले १ लाख ३२ हजार. अठरा हजारांचा नफा साडेबारा हजारांवर आला. छोटे दौरे-चालक इथेच बुडतात. उपाय अवघड नाही, फक्त सवय हवी. कोटेशनवर कोणत्या तारखेचा कोणता भाव धरला ते लिहावे आणि ते पंधरा-वीस दिवसांपुरतेच खुले ठेवावे. पंचवीस-तीस टक्के आगाऊ घ्यावेत. उरलेल्या रकमेतल्या निम्म्याचा तरी बँकेशी वायदा करार करावा, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवून घ्यावा. भारतातले व्याजदर अमेरिकेपेक्षा जास्त असल्याने डॉलरचा वायद्याचा भाव सहसा आजच्या भावापेक्षा थोडा वरच असतो, म्हणजे निर्यातदाराला यात वरकड काही मिळतेच. फक्त गट रद्द झाला तर करार मोडण्याचा खर्च आपल्या अंगावर येतो, म्हणून सगळ्या रकमेचा करार करू नये. आलेले डॉलर परकीय चलन कमावणाऱ्यांसाठीच्या ईईएफसी खात्यात काही काळ ठेवता येतात, पण त्यावर व्याज नाही आणि ते तिथे कायमचे ठेवताही येत नाहीत. 'डॉलर अजून चढेल' म्हणून थांबणे हा सरळ सट्टा आहे.

सोलापूरकरांना विनिमय दराची झळ बसते ती बहुधा बाहेर जातानाच. शहरातून उमराह-हजला जाणारे भाविक मोठ्या संख्येने आहेत. सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ ने बांधलेला आहे, अमिरातीचा दिरहॅमही डॉलरलाच बांधलेला. डॉलर ७५ असताना रियाल २० रुपयांचा होता, ९० ला तो २४ चा. मक्केतल्या ३,००० रियालच्या मुक्कामाचे ६० हजारांचे ७२ हजार झाले, आणि सौदीने एक रियालही वाढवला नाही. प्रवास कंपनीकडे सहा महिने आधी पैसे भरताना दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: रियाल कोणत्या भावाने धरला आहे, आणि भाव बदलल्यास फरक कोण सोसणार. 'फरक प्रवाशाकडून' अशी ओळ पावतीच्या मागे बारीक टाइपात असते. मग भाव उतरला तर फरक परत मिळणार का, हेही त्याच वेळी ठरवून घ्यावे.

परकीय नोटा एकरकमी घेण्यापेक्षा दोन-तीन टप्प्यांत घ्याव्यात. वर्तमानपत्रात छापलेला भाव बँकाबँकांमधला असतो. काउंटरवर नोटांसाठी डॉलरमागे दोन-तीन रुपये सहज जास्त पडतात, फॉरेक्स कार्डावर त्याहून कमी. बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच नोटा मिळतात, उरलेले कार्डावर. चलन बदलताना जीएसटी व्यवहाराच्या लहानशा भागावर लागतो, किमान ४५ रुपये. ५० हजारांच्या वरचा व्यवहार रोखीत होत नाही. सहलीवर कापला जाणारा टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच वसूल केलेला कर, प्राप्तिकराच्या विवरणपत्रात परत मागता येतो, त्याची नोंद तपासावी. आणि परदेशात कार्ड घासल्यावर मशीनच्या पडद्यावर 'रुपयांत की स्थानिक चलनात' असा पर्याय आला तर न चुकता स्थानिक चलन निवडावे. रुपये दिसले की जिवाला बरे वाटते, पण तो भाव त्या मशीनवाल्याने ठरवलेला असतो आणि चार-पाच टक्के त्यातच जातात.

मग सोलापूरला परदेशी पाहुणा येणारच नाही का? येऊ शकतो. जपानविरुद्धच्या युद्धात चीनमध्ये जाऊन जखमींवर उपचार करणाऱ्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे जन्मगाव म्हणून चिनी पाहुण्याला या शहराचे अप्रूप आहे, आणि जुलै २०२५ पासून चिनी नागरिकांना पर्यटक व्हिसा पुन्हा मिळू लागला आहे. विजयपूरचा गोलघुमट इथून शंभर किलोमीटरवर, नान्नजचे माळढोक अभयारण्य हाकेच्या अंतरावर, उजनीचे रोहित पक्षी आहेतच. पण तो स्टेशनवर उतरला तर अडचण विनिमय दराची नसते. परदेशी पाहुण्याची 'सी फॉर्म' म्हणून ओळखली जाणारी नोंद चोवीस तासांत ऑनलाइन करावी लागते. ती झंझट नको म्हणून लहान लॉज खोली असूनही 'फुल्ल आहे' सांगतात. त्याचे कार्ड चालत नाही. परदेशी प्रवाशांसाठी 'यूपीआय वन वर्ल्ड' ही पाकिटाची सोय २०२३ पासून आहे, पण काउंटरवरच्या मुलाला ती माहीत नसते. हॉटेल संघटनेने दोन तासांचे प्रशिक्षण घेऊन ही नोंद आणि हे पैसे घेणे शिकवले, तरी रुपया पाच टक्के पडण्यापेक्षा जास्त काम होईल.

आपल्याला एक विनंती. बाजारभावाच्या पानावर कांदा, ज्वारी, डाळिंबाच्या शेजारी आपण डॉलरचा एकच भाव देता. आठवड्यातून एकदा तरी रियाल, दिरहॅम, युरो आणि शंभर येन यांचेही भाव द्यावेत, आणि खरेदीचा व विक्रीचा असे दोन रकाने ठेवावेत. प्रवास कंपनीचे कोटेशन त्यातल्या विक्रीच्या भावाशी ताडून पाहिले, की भाव किती चढवून लावला आहे ते वाचकाला पैसे भरण्याआधीच कळेल.

आपले,
परकीय चलन व पर्यटन व्यवसायातील काही वाचक,
सोलापूर